आघात, अक्षर आणि आपली उपासनागीते

गायकवृंदाच्या तालमींत एक विधान नेहमी ऐकू येते. मराठीला आघात नाही, तेव्हा पाश्चात्त्य चालीवर मराठी शब्द बसविताना अक्षरे मोजली म्हणजे झाले. मूळ ओळीत सात तर आपल्या ओळीत सात. या समजुतीवर विसंबून रचलेली गीते आपण वर्षानुवर्षे गात आलो आहोत. त्यांतील काही गोड आहेत. पुष्कळशी मात्र अशी आहेत की पुस्तक मिटले आणि केवळ कानावर भरवसा ठेवला, तर काय म्हटले जात आहे ते कळत नाही. दोष बहुधा गाणाऱ्यांच्या माथी मारला जातो. माझ्या मते तो मोजणीत आहे, आणि तो नेमका कोठे आहे हे पाहण्यासाठी इटालियन भाषेची थोडी वाट वाकडी करावी लागेल.

इटालियनच का, तर आपल्या चर्चमध्ये जी लॅटिन घुमली ती उच्चाराने पुष्कळशी इटालियन होती. दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चसंगीताविषयी जो आदेश काढला तो मुळात इटालियन भाषेतच लिहिलेला आहे, आणि १९१२ साली त्यांनी लॅटिनच्या रोमन उच्चाराचा पुरस्कार केला. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरील दस्तऐवज प्रसिद्ध झाला, लोकभाषांना वेदीपाशी जागा मिळाली आणि मराठी शब्दांची गरज एकाएकी निर्माण झाली. शब्द नवे हवे होते, चाली मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच राहिल्या. या चाली ज्या शब्दांच्या मापाने बेतल्या गेल्या, ते शब्द कसे फुटतात आणि त्यांचा जोर कोठे पडतो, हे आपण फारसे विचारलेच नाही.

प्रथम फोडीचे पाहू. एखादा रोमकर माथेरान रस्त्यावरून जाताना 'सुकापूर' ही पाटी वाचू लागला तर तो शब्दाचे तीन तुकडे करील : सु-का-पूर. आपण लिहितो मात्र चार अक्षरे. 'पनवेल'चे तर याहून मौजेचे आहे. कागदावर चार अक्षरे आणि तोंडात दोनच तुकडे, पन-वेल. उच्चाराच्या एका झटक्यात निघणाऱ्या या तुकड्याला आपण येथे 'अवयव' म्हणू आणि लेखनातील खुणेला 'अक्षर'. मराठीत या दोहोंची संख्या जुळेलच असे नाही, कारण शब्दान्तीचा आणि कित्येकदा शब्दाच्या मधलाही 'अ' आपण लिहितो पण बोलत नाही. इटालियनमध्ये शब्दान्तीचा स्वर खणखणीत उच्चारला जातो. 'पाने' म्हणजे भाकर. त्यात दोन अवयव आहेत आणि दोन्ही ऐकू येतात.

इटालियन मुलांना शाळेत शब्द तोडायला शिकवितात तेव्हाचे नियम थोडके आहेत. एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते : आ-मो-रे. जोडी आली की ती फुटते : माम्-मा, आन्-ना. असिसीच्या संत फ्रान्सिसचे गाव खरे पाहता आस्-सी-झि असे आहे; आपण मधली जोडी गाळून 'असिसी' लिहितो. इटालियन कानाला ही गाळणूक लहानसहान वाटणार नाही. नवव्या पायस यांना इटालियन लोक 'पिओ नोनो' म्हणत. 'नोनो' म्हणजे नववा. तेथे चुकून 'नोन्नो' म्हटले की पोपमहोदयांचे आजोबा होतात! 'गडी' आणि 'गड्डी' यांतील फरक ज्याला कळतो त्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये.

स्वर शेजारी आले की गुंता वाढतो. 'मारीआ' हा शब्द इटालियनमध्ये तीन अवयवांचा, मा-री-आ; पण त्याच्याच जोडीचे पुरुषनाम 'मार्यो' दोनच अवयवांचे. लेखनात शेवटचा एक स्वर बदलतो, एवढेच. पहिल्यात 'ई'वर जोर असल्यामुळे ती आपली जागा सोडत नाही. दुसऱ्यात जोर आधीच 'मा'वर पडून गेलेला असल्याने ती 'य' होऊन पुढच्या स्वरात विरघळते. डॉन बॉस्कोंचे पाळण्यातले नाव आपण 'जिओव्हानी' असे चार अवयवांनी लिहितो. इटालियनमध्ये ते तीन अवयवांचे आहे, जो-व्हान्-नी. त्यातील 'इ' ही 'ज'चा उच्चार मृदू ठेवण्यासाठी घातलेली केवळ खूण आहे, तिला स्वतःचा आवाज नाही. चित्रकार 'जोत्तो' आपल्या पुस्तकांत 'जिओटो' होतो तो याच कारणाने.

आता एक गंमत. 'क्रिस्तो' हा शब्द इटालियन शालेय नियमाने क्रि-स्तो असा तुटतो, क्रिस्-तो असा नाही. 'बोस्को' म्हणजे बो-स्को. 'स' नंतर व्यंजन आले की ती जोडी पुढे न्यायची, असा तेथील लेखनाचा दंडक आहे. उच्चाराचा अभ्यास करणारे पंडित मात्र म्हणतात की कानाला तो 'स' मागच्या अवयवातच ऐकू येतो, कारण मागचा स्वर आखूड राहतो. आपल्याकडे हुबेहूब हेच घडते. देवनागरीत आपण 'ख्रि-स्त' लिहितो, 'भ-क्ति' लिहितो. डोळ्याला जोडाक्षर पुढचे दिसते. पण छंदःशास्त्र 'ख्रि' आणि 'भ' यांना गुरू ठरविते, कारण कान ख्रिस्-त, भक्-ति असे ऐकतो. लिहिणारा हात आणि ऐकणारा कान यांची ही फारकत दोन्ही भाषांत एकाच जागी व्हावी, याचे मला नेहमी नवल वाटते. शिवाय मराठीचा नियम असाही आहे की जोडाक्षराचा आघात मागे येत असेल तरच मागचे अक्षर गुरू. 'सत्य'मध्ये 'स' गुरू, पण 'तुझ्या'मध्ये 'तु' लघूच राहतो. म्हणजे ज्या भाषेला आघात नाही असे आपण म्हणतो, तिच्या वृत्तशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आघात हा शब्द येतो.

इटालियन आघाताची कथा याहून नाट्यमय आहे. शब्दातील एका अवयवावर जोर पडतो. बहुतेक शब्दांत तो शेवटून दुसऱ्यावर असतो. अशा शब्दाला इटालियन लोक 'सपाट' म्हणतात. तो शेवटच्या अवयवावर पडला तर शब्द 'तुटका'. शेवटून तिसऱ्यावर पडला तर 'घसरडा', कारण त्यापुढचे दोन अवयव जीभ घसरावी तसे निसटून जातात. आघात कोठे आहे हे लिहून दाखविण्याची सक्ती फक्त तुटक्या शब्दांपुरती आहे. बाकीच्यांचे वाचणाऱ्याने जाणून घ्यायचे. 'कापितानो' ही चार अवयवांची एकच माळ घ्या. जोर तिसऱ्यावर दिला तर अर्थ होतो कप्तान, पहिल्यावर दिला तर 'ते घडते' या क्रियापदाचे अनेकवचन, आणि शेवटच्यावर दिला तर 'त्याने नेतृत्व केले'. 'पापा' या शब्दाची गोष्ट तर आपल्या घरातलीच. पहिल्या अवयवावर जोर म्हणजे पोप, दुसऱ्यावर जोर म्हणजे बाबा.

८ एप्रिल २००५ रोजी दुसऱ्या जॉन पॉल यांच्या अंत्यविधीच्या वेळी संत पेत्राच्या चौकात 'सान्तो सूबितो' असे फलक झळकले होते. आघात 'सू'वर, अर्थ 'ताबडतोब' : यांना लगेच संत घोषित करा. हाच शब्द 'बी'वर जोर देऊन वाचला तर त्याचा अर्थ 'सोसलेले' असा होतो. त्या पोपमहोदयांनी अखेरच्या वर्षांत जे सोसले ते आठवले की दुसरा अर्थही अगदीच परका वाटत नाही, पण जमावाची मागणी पहिलीच होती. ती २७ एप्रिल २०१४ रोजी पुरी झाली.

हा जोर आला कोठून? येथे लॅटिनकडे वळावे लागते, आणि लॅटिनचा नियम मराठी माणसाला घरचा वाटेल असा आहे. शेवटून दुसरा अवयव गुरू असेल तर आघात त्याच्यावर. लघू असेल तर एक पाऊल मागे, तिसऱ्यावर. 'बेनेदिक्तुस'मध्ये 'दिक्' गुरू, म्हणून जोर तेथे. 'दोमिनुस'मध्ये 'मि' लघू, म्हणून जोर 'दो'वर. ज्याने शाळेत यमाताराजभानसलगा म्हटले आहे त्याला हे सांगताच कळते. पुढे शतकानुशतकांच्या बोलण्यात लॅटिनचे मूळ ऱ्हस्वदीर्घ गेले, पण आघात जेथल्या तेथे राहिला. ज्या कारणाने तो तेथे बसला होता ते कारण नाहीसे झाले आणि तो शब्दाचा स्वभाव बनून उरला. म्हणून इटालियन माणसाला नियम सांगता येत नाही. तो शब्द आईकडून ऐकतो. 'कारितातेम' या लॅटिन रूपात जोर 'ता'वर होता. बोलता बोलता शेवट झिजून गेला आणि उरले 'कारिता', म्हणजे दयाप्रीती. जोर अजूनही त्या 'ता'वरच आहे. पुढचे कोसळले म्हणून तो आता शब्दाच्या टोकाशी उभा दिसतो.

येथे दोन भाषांतील खरा भेद हाती लागतो. इटालियनमध्ये आघात पडला म्हणजे शब्दाच्या आतला उघडा अवयव लांबतो : 'पाने'मधला 'पा' लांब आहे, कारण तेथे जोर आहे. मराठीत प्रवास उलट दिशेने होतो. अवयव मुळात जड असतो, दीर्घ स्वराचा किंवा जोडाक्षरामागचा असतो, म्हणून जोर त्याच्याकडे ओढला जातो. 'सुकापूर' म्हणताना 'सु'वर कोणी थांबत नाही. भार 'का' आणि 'पूर' यांच्यावर पडतो. आपल्याला आघात आहे, पण तो मालक नाही, गुरू अक्षराचा चाकर आहे. पाश्चात्त्य चालीत जेथे ठोका पडतो, स्वर लांबतो, तेथे मूळ कवीने आपला आघाताचा अवयव ठेवलेला असतो. त्या जागी आपण लघू अक्षर ठेवले तर चाल त्याला बळेच लांब करते. आणि मराठीत लांबी बदलली की शब्द बदलतो.

'पिता' हाच शब्द घ्या. पि लघू, ता गुरू. इटालियन भाषेत बोलायचे तर तुटका शब्द, 'बाबा' या अर्थाच्या 'पापा'सारखा. ठोक्याने सुरू होणाऱ्या ओळीच्या आरंभी तो बसविला की भाविक मंडळी 'पीता' गातात, आणि सर्वसमर्थ पित्याचे नाव पिण्याच्या क्रियेत बुडून जाते. 'देवसुत' या शब्दाचे असेच. 'सु' लांब स्वराखाली आला की देवाचा पुत्र देवाचा धागा होतो! प्रौढ माणूस संदर्भाने सावरून घेतो. प्रश्न मुलांचा आहे. सुकापूर आणि नवीन पनवेलसारख्या वाढत्या वसाहतींत घराघरांतली भाषा निराळी असते आणि कित्येक मुलांची मराठीशी गाठ शाळेत व उपासनेतच पडते. त्यांना शब्द चाल देते, पुस्तक देत नाही.

नाताळचे एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. संत आल्फोन्सो लिगोरी यांचे 'तू शेन्दी दाल्ले स्तेल्ले' हे गीत १७५४ सालचे मानले जाते आणि इटलीत आजही ते घरोघर गायिले जाते. शीर्षकाचा अर्थ एवढाच की तू ताऱ्यांतून उतरून येतोस. त्याचे सात अवयव : तू-शेन्-दि-दाल्-ले-स्तेल्-ले. जोर दुसऱ्यावर आणि सहाव्यावर, चौथ्यावर हलकासा. आता या मापाने मराठी सात अक्षरे बसवू. समजा कोणी लिहिले : 'आकाशातून येशी'. हे माझे बनविलेले उदाहरण आहे, छापील गीतातले नाही. मोजणी चोख आहे : आ-का-शा-तू-न-ये-शी, सात. पण चाल प्रत्येक अक्षराला एकेक स्वर देते. बोलण्यात 'तून' हा एकच अवयव. चालीत तो फुटतो, 'तू'ला जोर मिळतो, 'न' मोकळा होऊन पुढच्या ठोक्यावरील 'येशी'ला जाऊन चिकटतो. कानावर येते ते असे : आकाशा, तू न येशी. नाताळच्या रात्री, सगळ्या मंडळीने उभे राहून, नेमके उलटे म्हणायचे! त्याऐवजी 'नभातुनी तू येशी' म्हणून पाहा. 'भा', 'नी' आणि 'ये' ठोक्याच्या जागांवर येतात, कोणतेही अक्षर अनाथ होत नाही, आणि दुसऱ्या 'तू'ला थोडा अधिक वेळ लागला तरी अर्थ बिघडत नाही. कवित्वाच्या दृष्टीने दोन्ही ओळी सामान्यच आहेत. फरक एवढाच की दुसरी ऐकू येते.

उलट काही चाली आपल्यासाठीच जन्मल्यासारख्या वाटतात. 'आदेस्ते फिदेलेस' हे अठराव्या शतकातील लॅटिन नाताळगीत प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे. त्याचे पहिले दोन शब्द मोजा : आ-देस्-ते, फि-दे-लेस्. जोर दोन्ही शब्दांत मधल्या अवयवावर. 'नमस्ते' हा शब्द असाच तुटतो, न-मस्-ते. लघू, गुरू, गुरू, म्हणजे यगण. दोन यगण म्हणजे भुजंगप्रयाताचा अर्धा चरण, ज्या वृत्तात समर्थांचे मनाचे श्लोक आहेत आणि जे मराठी मुलांच्या तोंडी सहज बसते. 'चला गे सयांनो' असे काहीही त्या स्वरांवर म्हणून पाहिले तरी ओठ अडखळत नाहीत. 'सारे भक्त या हो' म्हटले की अक्षरे सहाच असूनही 'रे'वर ठोका बसतो आणि 'सारे'चे 'सा, रे' होऊन संगीताचा वर्ग भरल्याचा भास होतो. (पाश्चात्त्यांची रे, मी, फा, सोल, ला ही स्वरनामे अकराव्या शतकात आरेत्सोच्या ग्विदोने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आद्य अवयवांवरून घेतली, हे जाता जाता सांगावेसे वाटते. आपला 'सा' हाही षड्जाचा आद्य अवयवच.)

मग आपल्या पूर्वसूरींनी काय केले? फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज खरे, पण त्यांनी १५७५ साली येशूसंघात प्रवेश केला तो रोममध्ये, आणि १५७९ साली ते गोव्याला पोचले. रोममध्ये घडलेल्या या माणसाच्या कानात लॅटिन स्तोत्रांचे आघात घुमत असणार. तरीही १६१६ साली राशोल येथे छापलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणासाठी त्यांनी ते माप उचलले नाही. सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. ओवीत तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा, अक्षरसंख्या लवचीक. येथे अक्षराला अक्षर म्हणूनच वेळ मिळतो, शब्दान्तीच्या 'अ'लासुद्धा. देवनागरी ठसे नसल्यामुळे ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला, आणि त्यात अन्त्य 'अ'साठीही रोमन अक्षर घातलेले आहे. बोलण्यातला न उच्चारलेला 'अ' ओवीत उच्चारला जातो हे त्या छपाईवरून डोळ्यांना दिसते. देवनागरीत ते झाकले जाते. शांताराम बंडेलू यांची १९५६ सालची देवनागरी आवृत्ती किंवा कॅरिदाद द्रागो यांची १९९६ सालची आवृत्ती हाती घेऊन कोणीही काही ओव्या मोठ्याने म्हणून पाहाव्यात. 'पनवेल' तेथे चार अक्षरांचेच होईल, आणि खटकणार नाही.

माधव जूलियन यांनी आपल्या 'छंदोरचना' या ग्रंथात ओवी-अभंगांना वृत्तांपासून वेगळे काढले ते याच मुद्द्यावर : छंदात अक्षरांची संख्या पाहावयाची, लघुगुरूचा भेद नाही. सहा-सहा-सहा-चार अशी अभंगाची अक्षरे मोजणे म्हणूनच बरोबर आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली तेव्हा त्यांना ही मोकळीक आयती मिळाली, आणि त्यांचे शब्द आजही स्पष्ट ऐकू येतात. आपण मात्र मोजणी अभंगाची ठेवली आणि चाल युरोपची घेतली. अभंगाच्या चालीत 'न' हे अक्षर आपल्या शब्दाला धरून राहू शकते, कारण कोणावरच सक्तीचा ठोका नाही. ठोक्याच्या चालीत ते तुटून पडते.

इटालियन कवितेतही नुसती मोजणी चालत नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. दान्तेच्या महाकाव्यातील ओळीला 'अकरा अवयवांची' असे नाव आहे. पण ओळ तुटक्या शब्दावर संपली तर ती दहांचीही चालते आणि घसरड्या शब्दावर संपली तर बारांची. दहाव्या अवयवावर शेवटचा आघात पडला पाहिजे, मग पुढे काय उरते ते गौण. अकराच्या मापात जन्मलेले सुनीत इंग्रजीमार्गे मराठीत आले तेव्हा केशवसुतांनी ते शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत ओतले, याची मला तक्रार नाही. ते वाचावयाचे काव्य होते. चौदा ओळी आणि विचाराचे वळण एवढे पोचले तरी पुरे. गीताला ही सवलत नसते, कारण तेथे चाल आधीच ठरलेली असते.

गीतसंग्रह तपासणाऱ्या मंडळींनी प्रत्येक ओळ प्रथम चालीविना बोलून पाहावी, बोलताना जी अक्षरे आपोआप जड होतात त्यांवर पेन्सिलीने रेघ मारावी, आणि मग तीच ओळ गाऊन रेघा ठोक्यांखाली येतात का ते पाहावे. अर्ध्या तासात एका गीताचा निकाल लागतो. सर्वांत जास्त अडचण ओळींच्या शेवटी दिसेल. इटालियन चाल बहुधा सपाट शब्दावर उतरते : जड अवयव, मग हलका. 'क्रिस्तो' तेथे जन्मतःच बसतो. आपला 'ख्रिस्त' बोलताना एकच अवयव. दोन स्वरांवर ताणला की शेवटी एक पोकळ 'अ' लोंबत राहतो आणि प्रत्येक जण तो आपापल्या अंदाजाने संपवितो. 'येशू' हे नाव सुदैवी आहे, दोन्ही अक्षरे गुरू, कोठेही ठेवा. 'ख्रिस्त' शेवटी आणायचाच असेल तर गीतकाराने वाक्य फिरवून त्याला हाक मारावी : 'ख्रिस्ता' म्हटले की हलक्या स्वराला आधार मिळतो आणि सारी मंडळी एकदम थांबते.